देखरेखीचा खर्च

"देखरेखीचा खर्च?" नारायणराव पोंक्ष्यांनी विचारलं तेव्हा शुभा चहाचे पेले घेऊन माजघराच्या उंबऱ्याशी पोचली होती. "तो काही नाही," दीनानाथ सहज म्हणाला, "ताई बघते सगळं." "म्हणजे शून्य," असं पुटपुटत नारायणरावांनी कागदावर पेन्सिलीनं एक गोल काढला. पेन्सिल कागदावर फिरल्याचा खरखर आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. नेहमी ऐकू न येणारे आवाज त्या क्षणी तिला एकदम ऐकू यायला लागले. मागच्या अंगणात कुणीतरी घागर घासत होतं, पुढच्या दुकानात कापड फाडल्याचा आवाज आला, आणि आपल्या हातातले पेले बशीवर किणकिणताहेत हेही तिला कळलं. तिनं पेले पुढे ठेवले. नारायणरावांनी एक घोट घेतला आणि मान वर न करता म्हणाले, "वा, वेलची छान घातली आहे." तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता तो पेला उचलावा आणि तो चहा त्या कागदावर ओतावा, शून्यासकट सगळं वाहून जाऊ दे. पण ती आत गेली, चुलीपुढं बसली, आणि विझत आलेल्या लाकडाला फुंकत राहिली. फुंकणीतून वारा नव्हे, तिचा संताप बाहेर पडत होता आणि तरी संपत नव्हता.

भोरात बाजारपेठेतून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर अप्पांची ती जागा होती. अप्पा म्हणजे शुभाचे आणि दीनानाथचे वडील, संस्थानच्या कचेरीत जन्मभर कारकुनी केलेले. रस्त्याच्या अंगाला दोन दुकानं, मागं अंगणाभोवती भाड्याच्या खोल्या, आणि एका कडेला त्यांचं स्वतःचं राहतं घर. शुभाचं सासर वाईचं. नवऱ्यानं दुसरी करून आणली आणि शुभा परत आली, तेव्हा अप्पांनी तिला एका शब्दानं दुखवलं नव्हतं. पहिल्या दिवाळीनंतर एवढंच म्हणाले होते, "नुसतं बसून काय करणार? त्या खोल्यांकडे जरा बघत जा." ती बघत गेली. 'बघणं' या शब्दात काय काय बसतं ते अप्पांना तरी ठाऊक होतं का, कुणास ठाऊक. मे महिना आला की शाकारणीसाठी कौलं आणि माणसं मिळवायची, छपरावर चढलेल्या गड्यांना खालून ओरडून तुटलेलं कौल दाखवायचं. शिंप्याचं दुकान दोन महिने भाडं देत नाही म्हटल्यावर त्याच्या फळीवर जाऊन, गिऱ्हाइकांदेखत, तोंडातून शब्द न काढता बसून राहायचं. विहिरीवरची भांडणं मिटवायची. कोण बिऱ्हाड करायला येतो आहे, त्याच्या बायकोच्या अंगावर वळ आहेत का, तो दारू पितो का, हे नुसत्या बोलण्यावरून ओळखायचं. हिवतापाच्या साथीत तर तिनं बंद खोल्यांच्या कड्या वाजवून आत कोण जिवंत आहे ते पाहिलं होतं. हे सगळं 'ताई बघते'. गेल्या वर्षी अप्पा गेले. जागा दीनानाथची झाली, कारण मुलगा तोच. त्याला पुण्यात घर बांधायचं होतं. तो तिथं एका विमा कंपनीत होता आणि त्याच्या बायकोला, लताला, भोरचं पाणी सोसत नसे. सारोळ्याच्या आनंदरावांनी जागा घ्यायची तयारी दाखवली होती, आणि दोन्ही पक्षांना मान्य होईल असा भाव काढायला पुण्याहून हे नारायणराव आले होते. साठीचे, वाळलेल्या शेंगेसारखे, कोटाच्या खिशात पेन्सिली भरलेले. उत्पन्न देणाऱ्या जागांची किंमत काढणं हा त्यांचा धंदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीनानाथ अजून अंथरुणात होता आणि नारायणरावांना खोल्या मोजायच्या होत्या. "ताई, टेपचं हे टोक जरा धरता का?" म्हणाले. तिनं धरलं. मोजमाप चालू असताना एका रिकाम्या खोलीत, टेप ताणलेली असतानाच, तिनं विचारलं, "शून्य कसं लिहिलंत?" त्यांनी आधी तिच्याकडे आणि मग टेपकडे पाहिलं, जणू आवाज टेपमधून आला होता. मग मात्र ते खुलले. आयुष्यात कुणी आपल्याला आपल्या कामाबद्दल विचारलेलं नाही, अशा माणसासारखे भडभडा बोलायला लागले. "असं बघा. दगडमातीला किंमत नसते. ही जागा पुढं कितीएक वर्षं मालकाला बसल्या जागी खायला घालील, ते सगळं आजच एका दमात मागणं, म्हणजे किंमत. आधी वर्षाचं सगळं भाडं धरायचं. त्यातनं खोल्या रिकाम्या राहतात ते काढायचं. घरपट्टी काढायची, दुरुस्ती काढायची, देखरेख काढायची. उरेल त्याला इतक्या वर्षांनी गुणायचं. भक्कम जागा असली तर जास्त वर्षं, मोडकळीला आलेली असली तर कमी." "म्हणजे देखरेख काढायची असते?" "काढायची असते. मालक स्वतः करत असला तरी काढायची. घेणाऱ्याच्या घरी ते करणारं माणूस असेलच असं नाही ना." "मग आमची का नाही काढलीत?"

नारायणराव टेप गुंडाळत होते. "अहो, तुम्ही राहणारच आहात ना इथं," ते म्हणाले. "दीनानाथ म्हणाले मला. कोपऱ्यातली खोली तुम्हाला ठेवायची, आणि देखरेख आहे तशी तुमच्याकडे. आनंदरावांनाही ते बोललेत. म्हणून घेणाऱ्यालाही तो खर्च नाही."

टेपचं टोक तिच्या हातातून सुटलं आणि सर्रकन त्यांच्याकडे गेलं. रात्रभर तिला वाटत होतं की आपलं काम मोजलं गेलं नाही, राग काय तो त्याचा. आता कळलं की चांगलं मोजून झालं होतं. वर्षाला वाचणारा तिचा पगार, त्याला तेवढ्या वर्षांनी गुणून, जागेच्या किमतीत घातला होता, आणि ती किंमत दीनानाथ घेणार होता. विहिरीसारखी, परसातल्या फणसासारखी, ती जागेबरोबर जायची होती. आणि हे ठरवताना तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नव्हतं, कारण फणसाशी कोण बोलतं? तिच्या कानशिलांत असं काही तापलं की खोलीच्या भिंती तिला तांबूस दिसायला लागल्या. याच खोलीला गेल्या वर्षी तिनं उभं राहून चुना लावून घेतला होता. "मला हे शिकवा," ती म्हणाली. का म्हणाली ते तिचं तिलाही नीट कळलं नाही. दगड मारायचा तर आधी तो हातात धरून बघावा, तसं काहीसं असेल. नारायणरावांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. त्यांचा मदतनीस लढाईत भरती झाला होता आणि त्यांना विंझरला एका भातगिरणीची किंमत काढायची होती. "बरोबर या," ते म्हणाले. "मला लोक ओट्यावर बसवून चहा पाजतात. बाईमाणसाला घर आतून बघायला मिळतं. अर्धी किंमत आत असते." दीनानाथ ऐकून चिडला. "ताई, अगं, परक्या माणसाबरोबर गावोगाव हिंडणार? लोक काय म्हणतील?" "काही म्हणणार नाहीत," ती म्हणाली. "मी हिशेबातच नाही." त्याला ते समजलं नाही, आणि त्याला समजलं नाही याचाही तिला राग आला. हाच तो पोरगा, देवीच्या आजारात ज्याचे हात धरून ती बसली होती, अंग खाजवू नये म्हणून. आई गेल्यावर ज्याच्या मुंजीत आईच्या जागी ती बसली. हा वाईट असता तर किती सोपं झालं असतं. तो वाईट नव्हता. घरात पाणी येतं, भाकरी येते, भाडं येतं, हे कुठून येतं असा प्रश्न त्याला आयुष्यात कधी पडलाच नव्हता.

लढाईमुळे पेट्रोल नव्हतं. सर्व्हिसची मोटार मागं कोळशाची भट्टी लावून, त्या धुरावर, खोकत खोकत चालायची. भाटघरचं पाणी एका बाजूला लांबवर पसरलं होतं आणि शुभाच्या डोळ्यांत कोळशाचे कण गेले होते, तरी ती बाहेरच बघत होती. नारायणराव शेजारून एकेक दाखवत होते. ते दुकान बघा, वळणावर आहे, गाडी थांबते, तेव्हा गिऱ्हाईक चुकत नाही. पण भिंत मातीची, वर्षं कमी धरा. ती धर्मशाळा बघा, भाडं नाही, तेव्हा कितीही सुंदर असो, आपल्या लेखी काही नाही. तिला ते भराभर येऊ लागलं. संतापानं नजर धारदार झाली होती आणि ती धार कशावर तरी चालवून बघायला तिला मजा येत होती, याची तिला लाजही वाटत होती. मोटार कामथडीच्या पुढं गेली तेव्हा ती घरं बघत नव्हती. भाडी, रिकामे महिने, डागडुजी बघत होती. आणि मध्येच तिला वाईचे ते लोक आठवले, ती सोळा वर्षांची असताना बघायला आलेले. चालून दाखव म्हणाले. सुईत दोरा ओवून दाखव. केस सोड. सासऱ्यांनी अप्पांना विचारलं होतं, "प्रकृती कशी? आजारपणं वगैरे?" म्हणजे दुरुस्तीचा खर्च किती. तेव्हा ती पाटावर मान खाली घालून बसली होती आणि पोटात भीती होती. राग यायला इतकी वर्षं लागली होती, आणि तोही आता ज्यांच्यावर यायचा ती माणसं मरून गेल्यावर. नसरापूरला उतरून त्यांनी बैलगाडी केली. गाडीवान कुंडलिक सारा वेळ बैलांशी बोलत होता, माणसांशी नाही, आणि तिला ते बरं वाटलं.

विंझरची गिरणी मानसिंग नावाच्या शेतकऱ्याची होती. वेल्ह्याकडचं भात इथं भरडायला यायचं. गिरणीला लागून सुगीत व्यापाऱ्यांना भाड्यानं द्यायच्या खोल्या होत्या. मानसिंगानं नारायणरावांना ओट्यावर घोंगडी टाकून बसवलं आणि इंजिन, पट्टा, जातं, सगळं दाखवलं. खोल्यांचं कोण बघतं, धान्य मापून कोण घेतं, असं शुभानं विचारलं तेव्हा तो हसला. "घरचंच मानूस हाय की. आमची वैनी बगती. त्येचा काय खर्च न्हाई." तेच ते वाक्य. फक्त बोली वेगळी. तिला वाटलं, हे वाक्य सगळ्या मुलखातल्या पुरुषांना जन्मतःच पाठ असावं. ती उठून आत गेली.

वैनी म्हणजे धोंडाबाई, मानसिंगाच्या थोरल्या भावाची विधवा. गिरणीच्या मागच्या पडवीत ती कोंडा पोत्यात भरत होती. केस, भुवया, पापण्या, सगळं कोंड्यानं पांढरं झालेलं. त्यातून दोन तांबडे डोळे. शुभा तिच्याशेजारी बसली, पोत्याचं तोंड धरून, आणि आपण कोण, भाऊ पुण्याला काय करतो ते तिनं सांगितलं. धोंडाबाईनं सांगितलं ते सगळं तिला आधीच माहीत असल्यासारखं होतं. इंजिन बंद पडलं की गड्याला बोलवायला हीच धावते. व्यापारी खोलीत उंदरांचा बोभाटा करतात तेव्हा हिलाच करतात. मालक कधी उठतो आणि कधी झोपतो ते गिरणीला ठाऊक नाही. पण ही कधी झोपते ते ठाऊक आहे. शुभाच्या छातीत आनंदासारखं काहीतरी उसळलं, रागाला जोडीदार मिळाल्यावर होतो तो आनंद. "धोंडाबाई," ती म्हणाली, "तुमच्या या कामाचा पैसा हिशेबात लिहायला पाहिजे. तुम्ही नसता तर यांना माणूस ठेवावा लागला असता. तो खर्च आम्ही लिहून देऊ." तिला वाटलं, धोंडाबाईचा चेहरा उजळेल.

धोंडाबाईनं कोंड्याचं सूप खाली ठेवलं. "कशापायी?" ती म्हणाली.

"म्हणजे? तुमचा हक्क आहे तो."

"हक्क!" धोंडाबाईचा आवाज एकदम चढला, मग बाहेर ओट्यावर जाईल म्हणून तिनं तो दाबला, आणि दाबलेला आवाज जास्त धारदार झाला. "बाई, तुमी येक रोज येनार, कागुद लिवनार आन् जानार. मी हितंच ऱ्हानार. आज मी फुकाट हाय, म्हून कुनी माज्याकडं बगत न्हाई. तुमी आकडा मांडला का दीर म्हननार, आरं, ही येवड्याची हाय व्हय? मंग हिच्यापरीस सस्ता गडी मिळतोय का बगू. आन् गडी मिळतोय बाई, लई मिळत्यात. मंग मी कुटं जाऊ? तुमच्या घरी येऊ?"

"तसं नाही..." शुभा म्हणाली.

"तसंच हाय. तुमाला भाऊ हाय, शिकलेला हाय. माजं कोन हाय? पाया पडते, काय लिवू नका माजं. माजं नाव बी घिऊ नका." आणि खरोखरच ती पाया पडायला वाकली, तेव्हा शुभा अशी उठली की पोतं कलंडलं आणि कोंडा दोघींच्या पायांवर सांडला. तो परत भरायला शुभा वाकली, तर धोंडाबाईनं तिचा हात बाजूला केला. "ऱ्हाऊ द्या. माजं काम हाय."

बाहेर नारायणराव पेन्सिल घेऊन तयार होते. "काय, आत काय दिसलं? देखरेखीचं काय लिहू?" मानसिंग शेजारी बसून पान लावत होता. शुभाला आपल्या जिभेवर कोंड्याची तुरट चव लागत होती. "काही नाही," ती म्हणाली. "घरचंच माणूस आहे." नारायणरावांनी तिच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं, आणि लिहिलं. परतीच्या वाटेवर त्यांनी दोनदा बोलणं काढायचा प्रयत्न केला. ती पायांवरचा कोंडा झटकत राहिली. तिला त्यांचा राग आला, मानसिंगाचा आला, धोंडाबाईचा आला, इतक्या सहजपणे ते वाक्य बोलून गेलेल्या आपल्या जिभेचा आला. रागाला इतकी तोंडं फुटली होती की नेमकं कुणावर ओरडावं ते ठरेना. एवढं मात्र तिला दिसलं, अगदी लख्ख दिसलं: धोंडाबाईला भीती होती म्हणून तिनं तसं म्हटलं, आणि ती भीती खरी होती. तीच भीती आपल्याही पोटात इतकी वर्षं बसलेली आहे, आणि तिलाच आपण माया, कर्तव्य, माहेर अशी नावं दिली. आपण जर गप्प राहिलो तर ते दीनासाठी नसेल, अप्पांच्या आठवणीसाठी नसेल. आपल्याला जायला जागा नाही, एवढ्याचसाठी असेल.

आनंदराव आले ते स्वतःच्या मोटारीतून. सारोळ्याच्या पुलापाशी त्यांची दुकानं होती, गाड्यांचा अड्डा होता. लढाईनं त्यांना बरकत दिली होती. धिप्पाड माणूस, बोलणं गावाकडचं आणि हिशेब पक्का. सोप्यावर बैठक जमली. नारायणरावांनी किंमत वाचून दाखवली, आनंदराव मान हलवत होते, दीनानाथच्या चेहऱ्यावर पुण्यातल्या घराचा जिना चढल्यासारखं समाधान होतं. शुभा आतून आली आणि बाकावर बसली. पुरुषांच्या बैठकीत ती अशी कधी बसली नव्हती. "ही किंमत चुकली आहे," ती म्हणाली. "यात माझी देखरेख फुकट धरली आहे. मी इथं फुकट राहणार नाही. तुम्हाला माणूस ठेवावा लागेल, तो खर्च वजा करा."

"ताई, आत जा," दीनानाथ म्हणाला.

"करा वजा," ती नारायणरावांना म्हणाली. "तुमच्या नियमात आहे ना तसं?" नारायणराव खाकरले. "आहे," ते म्हणाले. "तसं... आहे खरं."

आनंदराव मोठ्यांदा हसले, पण तिला हसले नाहीत. सौद्यात अचानक फायदा दिसल्यावर माणूस हसतो तसे हसले. "बाई बराबर बोलत्यात की! मला वाटलं व्हतं त्या हायतच. मंग बाई, तुमालाच ठिवतो, काय घ्याल महिन्याला?" तिनं रक्कम सांगितली. आदल्या दोन दिवसांत तिनं ती मनाशी काढून ठेवली होती, वाढवून नाही आणि कमी करूनही नाही. आनंदरावांनी ओठ पुढं काढले. "येवढ्यात मला गडी मिळंल. आन् तो रातचं राखन बी करंल." "मग गडी ठेवा," ती म्हणाली. पेन्सिल चालू लागली. खर्च वजा झाला, उरलं त्याला वर्षांनी गुणलं गेलं, आणि किंमत खाली आली. इतकी खाली आली की दीनानाथचा चेहरा पांढरा पडला. आनंदरावांनी तिथंच बयाणा ठेवला.

ते गेल्यावर दीनानाथ ओरडला नाही. त्यानं ओरडायला हवं होतं. तिनं त्याची तयारी केली होती. तो खांबाला टेकून उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. "तुझ्यासाठीच तर मी ती खोली बोलून ठेवली होती," तो म्हणाला. "म्हटलं, तुला भोर सोडवणार नाही. तुला तुझं काम असेल, मान असेल. मी काय तुला उपाशी ठेवणार होतो?"

"मला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? तू माझी बहीण आहेस ताई, पगारी माणूस नाहीस."

"पगारी माणसाला निदान विचारतात, राहतोस का म्हणून."

दीनानाथ नाक पुसून म्हणाला, "बरं, झालं ते झालं. आता आमच्याकडे चल पुण्याला. लतालाही एकटीला होत नाही सगळं. तू असलीस म्हणजे घराकडे कुणीतरी बघेल." हे तो इतक्या मनापासून म्हणाला, इतक्या मायेनं, की तिला हसू फुटलं. ते हसू असं विचित्र होतं की दीनानाथ दचकून एक पाऊल मागं सरकला. त्याला धरून हलवावंसं तिला वाटलं, आणि त्याच वेळी जवळही घ्यावंसं वाटलं. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. "नाही," ती म्हणाली. "मी भोरातच राहीन."

ती कोपऱ्यातल्या खोलीतच राहिली, पण भाड्यानं. शेजारच्या खोलीचं जे भाडं तेच तिनं आनंदरावांना सांगितलं. ते म्हणाले, "राहू द्या की बाई, तुमचंच घर हाय," तेव्हा ती म्हणाली, "माझं नाही. म्हणून तर भाडं देते." नारायणरावांनी तिला काम द्यायचा शब्द दिला होता, तो पाळला. भोर, वेल्हे, नसरापूर इकडच्या जागांची माहिती त्यांना लागली की ते तिला लिहीत. ती मोटारीनं, गाडीनं जाऊन आतली घरं बघून येई, आणि ते तिला त्याचे पैसे पाठवत. उरलेल्या वेळात ती शिलाई करी. पोटापुरतं होई, कधी थोडं कमी. लोक बोलत, ते तिच्या कानावर येई. ज्या ज्या घरात ती जाई तिथं कुणीतरी एक बाई मागच्या पडवीत असेच. तिला ती आता आधी विचारी, "लिहू का?" बहुतेक जणी नको म्हणत. तेव्हा तिचा जबडा आवळला जाई, आणि ती लिहीत नसे.

जागा बघायला आनंदरावांनी गेनू नावाचा गडी ठेवला. चांगला होता, झोपाळू होता. आषाढात एका सकाळी पाऊस लागून राहिलेला असताना अंगणातली मोरी तुंबली. वरचं सगळं पाणी अंगणात साचायला लागलं. गेनू हातात पहार घेऊन इथं खणतोय, तिथं खणतोय, आणि बायका त्याच्यावर ओरडताहेत, हे शुभाला आपल्या खोलीत बसून ऐकू येत होतं. मोरी अंगणाखालून कुठं वळते आणि त्या वळणावरची फरशी कोणती, ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या हातात कुणाच्या तरी झंपराची बाही होती. सुई चालत नव्हती. शरीर आपोआप उठायला बघत होतं, इतक्या वर्षांची सवय, हाक आली की गुडघ्यांत जोर यायचा. तिनं गुडघे घट्ट मिटले. आजवर केलेल्या सगळ्या कामांत हे असं बसून राहणं तिला सर्वांत अवघड गेलं. मग दार ढकललं गेलं आणि फुलाबाई आत डोकावली. समोरच्या खोलीतली फुलाबाई, बाजारात भाजी विकणारी, कमरेपर्यंत भिजलेली.

"ताई! तुमी घरात हायसा आन् गप बसलाय व्हय? माजी पोरगी पान्यात हुबी हाय."

"गेनूला सांगा," शुभा म्हणाली. "देखरेख त्याची आहे."

"त्येला म्हाईत असतं तर तुमच्या दारात आले असते का मी?"

शुभानं झंपराची बाही मांडीवर सरळ केली. फुलाबाईनं तिच्याकडे पाहिलं. आधी तिला कळलं नाही. मग हिला ठाऊक आहे आणि ही सांगणार नाही, हे हळूहळू कळल्यासारखं तिचं तोंड बदललं, आवळलं गेलं. "बरं झालं समजलं," ती म्हणाली आणि दार तसंच उघडं टाकून गेली. ते शब्द शुभाला कानफटात बसावेत तसे बसले. इतके दिवस राग तिच्याकडून बाहेर जात होता. आता तो बाहेरून तिच्याकडे आला होता, आणि तोही अशा बाईकडून, जिच्यावर तिचा कसलाही राग नव्हता. आपण आत्ता बरोबर केलं की काहीतरी भयंकर केलं, हे तिला ठरवता येईना. तेवढ्यात पायांना गार लागलं. पाणी उंबऱ्यावरून तिच्याही खोलीत आलं होतं. शिवायला आणलेल्या कापडांचं गाठोडं भिजत होतं.

ती उठली. ओचा खोचून पावसात अंगणात आली आणि ओरडली. आयुष्यात इतक्या मोठ्यानं ती कधी ओरडली नव्हती. "गेनू! मी भाडं देते या खोलीचं! महिन्याच्या महिन्याला देते! जा, मालकाला बोलावून आण सारोळ्याहून, सांग, भाडेकरूच्या घरात पाणी शिरलंय, येऊन उपसून दे!" इतर बायकाही मग ओरडू लागल्या, भाड्याचं नाव घेऊन, एकीच्या आवाजावर दुसरीचा आवाज चढवत, आणि गेनू पहार टाकून सर्व्हिसच्या मोटारीच्या थांब्याकडे पळत सुटला. एकट्या फुलाबाईनं तोंड उघडलं नाही. पोरीला कडेवर घेऊन ती शुभापासून हातभर अंतरावर उभी होती आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होती. शुभाला ती फरशी पाण्याखाली कुठं आहे ते उभ्या जागेवरून कळत होतं. तिनं सांगितलं नाही. पाणी चढत होतं, आणि त्या दोघी त्यात शेजारी शेजारी उभ्या होत्या.